ब्रेक दाबला की हॉर्न

महेश्वरी गाडी चालवायला शिकली ती चाळिशी उलटल्यावर. शिकवणाऱ्यानं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की रस्त्यावरच्या माणसांना, म्हशींना आणि रिक्षांना फक्त हॉर्न कळतो. बाकीचं ती हळूहळू शिकली. हे मात्र लगेच शिकली. सोलापुरातल्या तिच्या घरून कडक भाकरीची पाकिटं भरून तिची जुनी पिकअप निघाली, की बोळाच्या तोंडाशी पसरलेली कुत्रीसुद्धा आपण होऊन उठायची.

तो हॉर्न एका सकाळी वाजेना. तिनं बोटानं दाबला, अंगठ्यानं दाबला, शेवटी स्टिअरिंगवर बुक्की मारली. काही नाही. माल तर दुकानांत पोचवायचा होता. मग तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि "सरका ओ", "दादा, बाजूला", "अक्का, पोर धरा" असं ओरडत अख्खा बाजार पालथा घातला. दुपारी घरी आली तेव्हा तिचा घसा पार बसला होता. भाकरी करायला येणाऱ्या बायकांना तिनं उद्याचं काम हातवारे करून सांगितलं.

"मिस्त्रीकडं टाकली तर दिवसभर अडकून बसंल गाडी," ती कशीबशी म्हणाली. "अन् उद्या मंद्रूपला जायचंय."

मंद्रूपच्या चनमल्लप्पांची वास्तुशांत होती. संध्याकाळी पंगत होती आणि त्यांना कडक भाकरी आणि शेंगाची चटणी महेश्वरीकडूनच हवी होती. ऑर्डर मोठी होती, आणि म्हातारा काटेकोर म्हणून प्रसिद्ध होता.

"हॉर्नच तर हाय," कोपऱ्यातून तिचा नवरा मल्लिनाथ म्हणाला. "मी बघतो की."

तव्यापुढच्या बायका थांबून त्याच्याकडं बघायला लागल्या. मल्लिनाथ आपण होऊन बोलला, हीच मोठी गोष्ट होती.

मल्लिनाथ टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होता. माग अडला की त्याला बोलवायचे. तो यायचा, कान लावायचा, कुठंतरी पाना फिरवायचा आणि माग चालू व्हायचा. मागांच्या खडखडाटात बोलून उपयोग नसतो, त्यामुळं जन्मभर त्याचं काम खुणांवर भागलं होतं. मग मालकानं कारखाना बंद करून जागा विकली आणि मल्लिनाथ घरी आला. बायकोला हातभार लावतो म्हणाला. पण तव्यापुढं बसवला तर त्याला धूर सोसेना. बांधणीला बसवला तर तो भाकरीच्या पुड्यांना टॉवेलच्या गठ्ठ्याची गाठ मारायचा, आणि दुकानदार तक्रार करायचे की बाई, तुमचा पुडा सोडायला विळा लागतोय. दुकानात सोबत नेला तर कुणी भाव विचारला तरी तो महेश्वरीकडं बघायचा. शेवटी ती त्याला नुसता शेजारी बसवून न्यायला लागली. तो काही म्हणायचा नाही. पण रात्री जेवताना तो मान खाली घालून जेवतो, हे तिच्या लक्षात आलं होतं.

म्हणून ती म्हणाली, "बघा की. तुमच्या हातातलंच काम हाय ते."

मल्लिनाथनं सगळा दुपारचा वेळ गाडीत काढला. डोकं आणि हात स्टिअरिंगखाली, पाय दाराबाहेर. आत त्याला उंदराचं घरटं सापडलं. जुन्या टॉवेलच्या चिंध्या, भाकरीचे तुकडे, शेंगदाण्याची टरफलं. चांगला संसार मांडलेला होता. गाडीत रोज भाकरीचा चुरा सांडत असताना उंदरानं दुसरीकडं कशाला राहावं? भाकरीनं पोट भरल्यावर तोंडी लावायला त्यानं वायरींचं प्लॅस्टिक कुरतडलं होतं. एकीचे तर दोन तुकडेच केले होते. मल्लिनाथनं घरटं काढलं, उघडी पडलेली तांब्याची टोकं एकत्र पिळली, वर काळी टेप गुंडाळली आणि सगळं नीट दाबून बसवलं. मग हॉर्न दाबला.

तो असा वाजला की तव्यापुढच्या एकीच्या हातातून उलथनं पडलं.

महेश्वरी पिठाचे हात पुसत बाहेर आली. तिनं स्वतः दाबून बघितला. पुन्हा दाबला.

"पैल्यापेक्षा मोठा झालाय की ओ आवाज," ती म्हणाली.

आवाज पहिल्याएवढाच होता, पण मल्लिनाथनं ते सांगितलं नाही. त्या रात्री तो दोन्ही मांड्या जमिनीला टेकवून ऐसपैस बसून जेवला आणि वर चटणी मागून घेतली.

सकाळी माल भरून दोघं निघाली. बोळातून सरळ मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत सगळं ठीक होतं. पहिल्या सिग्नलला महेश्वरीनं ब्रेक दाबला आणि हॉर्न वाजला. पुढचा रिक्षावाला मागं वळून बघायला लागला.

"लाल हाय की बाई," तो म्हणाला.

"मी न्हाय दाबला," महेश्वरी मल्लिनाथला म्हणाली.

"हात लागला असंल."

"हात हितं हाय माझा." तिनं दोन्ही हात वर करून दाखवले. पाय मात्र ब्रेकवर होता आणि हॉर्न वाजतच होता. रिक्षावाल्यानं आता पूर्ण अंग वळवलं होतं. चौकातला पोलीसही वळला. महेश्वरीनं पाय काढला, हॉर्न थांबला. पुन्हा ठेवला, पुन्हा सुरू.

तिनं नवऱ्याकडं बघितलं. मल्लिनाथ समोरच्या काचेकडं बघत होता.

"ब्रेक दाबला की वाजतोय," ती म्हणाली.

बराच वेळ विचार करून तो म्हणाला, "मग ब्रेक जरा कमी मार."

परत फिरायला वेळ नव्हता. महेश्वरीनं गिअर खाली-वर करत, पाय ब्रेकपासून चार हात लांब ठेवावा तसा ठेवत विजापूर रस्ता धरला. रिकाम्या रस्त्यावर ते जमलं. मग पुढं मोपेडवर एक आजोबा आले. डोक्याला टापशी, मागं कडब्याची पेंडी, चाल बैलगाडीची. समोरून ट्रकमागून ट्रक येत होते, म्हणून महेश्वरीला त्यांना ओलांडता येईना, आणि गाडी त्यांच्यावर चढू नये म्हणून ब्रेक मारल्याशिवाय राहता येईना. पहिल्या हॉर्नला आजोबा थोडे डावीकडं सरकले. दुसऱ्याला आणखी. तिसऱ्याला त्यांची मोपेड डांबरावरून खाली उतरली. चौथ्याला त्यांनी ती उभीच केली आणि पेंडी सावरत मागं आले.

"बाई," ते खिडकीशी येऊन शांतपणे म्हणाले, "आता काय उसात घालू व्हय गाडी?"

"न्हाय ओ मामा, ब्रेक दाबला की वाजतोय आपोआप. तुमाला न्हाय वाजवत."

आजोबांनी ते पटवून घ्यायचा प्रयत्न केला. "कुणी केलं असलं?"

मल्लिनाथ पायाशी काहीतरी शोधायला वाकला.

मंद्रूपच्या अलीकडं रस्त्याला लागून एक गाव आहे. गावात कधीतरी अपघात झाला असावा, कारण तिथं शाळेपुढं, देवळापुढं, पारापुढं असे एकामागून एक गतिरोधक घातलेले आहेत. ते बघूनच महेश्वरीनं कपाळाला हात लावला. ब्रेकशिवाय गेलं तर मागं भाकरीचा चुरा होणार. ब्रेक मारला तर गाव गोळा होणार. तिनं भाकरी वाचवली.

शाळेपुढं हॉर्न वाजला. देवळापुढं वाजला. पारापाशी तर लागोपाठ दोन उंचवटे होते, तिथं लांबलचक वाजला. तेवढ्यात घराघरांतून बायका बाहेर पडायला लागल्या. कुणाच्या कमरेवर घागर, कुणाच्या हातात बादली, कुणी ड्रम लोळवत आणलेला. बघता बघता पिकअपच्या पुढं भांड्यांची रांग लागली. गाडी पुढं जाईना.

सगळ्यांच्या पुढं एक उंच, काटक बाई होती. तिचं नाव सारजाबाई, हे लवकरच कळलं, कारण बाकीच्या प्रत्येक वाक्यात तिचं नाव घेत होत्या.

"टँकर कुटं हाय?" सारजाबाईनं विचारलं.

"टँकर न्हाय ओ. भाकरीची गाडी हाय ही," महेश्वरी म्हणाली.

"मग हॉर्न कशाला वाजवलासा? कालधरनं टँकरची वाट बघतोय आमी. चुलीवरची आमटी सोडून आलो."

महेश्वरीनं सगळं पुन्हा समजावलं. बायकांनी ऐकून घेतलं. पण मांडलेली भांडी कुणी उचलेना. भांडी उचलली आणि तेवढ्यात टँकर आला तर नंबर जाणार, अशी प्रत्येकीला भीती. शेवटी महेश्वरीनंच हात टेकले. "हितं कोण वायरमन हाय का?"

होता. रावजी नावाचा, विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा. त्याचं दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला.

"मी आणते त्याला," महेश्वरी नवऱ्याला म्हणाली. "तुमी हितं बसा. कशालाबी हात लावू नका."

ती गेली. मल्लिनाथ गाडीत बसला. पुढं घागरी, घागरींमागं बायका, आणि सगळ्या त्याच्याकडं बघतायत. त्यानं आधी काच वर केली. ऊन तापलं होतं. आत जीव गुदमरला. त्यानं काच खाली केली. मग दार उघडून खाली उतरला आणि काय करावं ते न सुचून गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन उभा राहिला. बायका तिकडं वळल्या.

"चटणीचा वास येतोय," सारजाबाई म्हणाली. "शेंगाची हाय व्हय?"

मल्लिनाथनं मान हलवली.

"बोलता येत न्हाय व्हय तुमाला?"

"येतंय की," मल्लिनाथ म्हणाला.

"मग सांगा की. कशी हाय?"

कशी आहे ते सांगण्यापेक्षा त्याला दाखवणं सोपं वाटलं. महेश्वरी वाटेत खायला म्हणून एक सुटा पुडा, चटणीसकट, नेहमी ठेवायची. तो त्यानं काढला. सवयीनं मारलेली गाठ सोडायला त्याला स्वतःलाच दात लावावे लागले, आणि बायका हसल्या. मग त्यानं एक भाकरी दोन्ही हातांत धरून सगळ्यांसमोर मोडली. कट् आवाज आला. हा आवाज त्याला आवडायचा. चांगल्या विणीचं कापड झटकल्यावर येतो तसा स्वच्छ आवाज. तो ते बोलून गेला.

"कापडाचं काय म्हणताय?" मागून एकीनं विचारलं.

मग तो सांगायला लागला. टॉवेलाचा पोत हातानं कसा ओळखायचा, आणि भाकरी तशीच कशी असते. मध्ये जाड, कडेला पातळ झाली की कडक होताना फाटते. महेश्वरीची भाकरी कडेपासून कडेपर्यंत सारखी असते, म्हणून महिनाभर राहते. घरातल्या चार भिंतींत ही गोष्ट त्यानं महेश्वरीलाही कधी सांगितली नव्हती. तुकड्यांवर चटणी ठेवून तो वाटत होता आणि बोलत होता. एक म्हातारी मागं संशयानं उभी होती, ती शेजारणीशी कन्नडमध्ये कुजबुजताना त्यानं ऐकलं आणि आपल्या आईच्या त्याच भाषेत तिला हाक मारली, "बर्री अव्वा, तिंदु नोड्री," म्हणजे या, खाऊन बघा. म्हातारी पुढं आली, तुकडा तोंडात टाकला आणि दोन पुडे मागितले.

सुटा पुडा संपला होता. मल्लिनाथनं मागची ताडपत्री उचलली.

महेश्वरी आली ती रावजीच्या मोटारसायकलवर मागं बसून. रावजी जाडजूड, घामाघूम गृहस्थ होता. तो स्टिअरिंगखाली वाकला, बोटांनी चाचपून टेपची गाठोळी बाहेर ओढली आणि सोडवून बघितली.

"हॉर्नची वायर अन् ब्रेकलाइटची वायर एकात एक पिळलीया," तो म्हणाला. "हॉर्न दाबला की मागचा लाल दिवाबी लागतोय, अन् ब्रेक दाबला की हॉर्नबी. कुणी केलं हे?"

मल्लिनाथ गाडीच्या मागून पुढं आला होता. त्यानं तोंड उघडलं.

"उंदरानं," महेश्वरी म्हणाली.

रावजीनं काळ्या टेपकडं बघितलं. "टेप पण उंदरानंच मारली?"

"आमच्या घरचे उंदीर लई कामाचे हायत," ती म्हणाली. "त्यास्नी रिकामं बसवत न्हाय."

रावजी एकदा तिच्याकडं आणि एकदा मल्लिनाथकडं बघून गालात हसला. दोन्ही वायरी सुट्या करून, तुटलेल्या जागी नवा तुकडा टाकून त्यानं त्या वेगवेगळ्या गुंडाळल्या. पुन्हा उंदीर लागू नये म्हणून वरून रबरी नळी चढवली. महेश्वरीनं ब्रेक दाबला: शांत. हॉर्न दाबला: वाजला. तिनं सुटकेचा श्वास टाकला आणि माल नीट आहे ना बघायला मागं गेली.

ताडपत्रीखाली अर्धी गाडी रिकामी होती.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मल्लिनाथला बरं वाटलं असतं. ती नुसती उभी राहिली, रिकाम्या जागेकडं बघत.

"मागत होत्या," मल्लिनाथ म्हणाला. "मी बोलत होतो. बोलता बोलता गेल्या."

"कोण बोलत होतं?"

"मी."

"चांगलं बोलतात की ओ हे," सारजाबाई मध्येच म्हणाली. तिच्या हातात तीन पुडे होते.

महेश्वरीनं डोळे मिटले. "अक्का, ही ऑर्डर होती. संध्याकाळी मंद्रूपात पंगत हाय. परत सोलापुरात जाऊन करते म्हणलं तर कडक व्हायला उद्या उजाडंल."

हे ऐकून बायकांची तोंडं उतरली. एकीनं आपला पुडा परत पुढं केला, पण तो उघडलेला होता आणि त्यातल्या भाकरीचा तुकडा तिच्याच पोराच्या तोंडात होता. बाकीच्यांचंही तसंच झालं होतं. मल्लिनाथनं सगळ्यांकडं बघितलं. मग म्हणाला, "तुमी भाकरी करता का न्हाय घरी?"

"रोज करतो. न करून जातोय कुटं?" सारजाबाई म्हणाली.

"मग पैसे नकोत, ह्या पुड्यांच्या बदल्यात ताज्या करून द्या. जितक्या घेतल्या तितक्या."

"मऊ भाकरी?" महेश्वरी म्हणाली. "चनमल्लप्पांनी कडक सांगितलीया."

"त्यास्नी मी सांगतो," मल्लिनाथ म्हणाला. महेश्वरी त्याच्याकडं बघतच राहिली.

सारजाबाईनं मनातल्या मनात पीठ मोजलं. "पीठ हाय. जळण हाय. पण मळायला पाणी? त्यासाठीच तर हितं उभं हाय आमी."

सगळ्या पुन्हा गप्प झाल्या. त्या शांततेत लक्षात आलं, की गावाच्या वेशीवर कुणीतरी मघापासून हॉर्न वाजवतंय. पण पिकअपच्या हॉर्ननं एकदा फसलेल्या बायकांनी तिकडं लक्षच दिलं नव्हतं.

"गाडी तर हितं हाय," सारजाबाई म्हणाली. "मग तितं कोण वाजवतंय?"

क्षणभरानं सगळ्यांना एकदम कळलं. घागरी, बादल्या, ड्रम एका झटक्यात उचलले गेले आणि पिकअपपुढचा रस्ता मोकळा झाला. टँकरवाला बिचारा वैतागला होता. या गावात आपल्याला कुणी विचारत नाही, असा प्रसंग त्याच्यावर कधी आला नव्हता.

पुढचा सगळा दुपारचा वेळ त्या गावात भाकरी थापल्याचा आवाज येत होता. महेश्वरी सारजाबाईच्या चुलीपुढं बसली. मल्लिनाथ टोपली घेऊन घरोघरी फिरला आणि प्रत्येक घरी, थोडी पातळ, अव्वा, कड सांभाळा, असं सांगत राहिला. एका घरी त्याला चहा मिळाला, दुसऱ्या घरी शिव्या.

मंद्रूपला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. चनमल्लप्पा दारातच उभे होते, पांढरंशुभ्र धोतर, कपाळावर भस्माचे पट्टे. त्यांनी टोपलीवरचं फडकं उचललं. वाफ त्यांच्या चष्म्यावर आली.

"मी कडक सांगितली होती."

महेश्वरी बोलणार तोच मल्लिनाथ पुढं झाला. हॉर्नपासून टँकरपर्यंत सगळं त्यानं सांगितलं, काही न लपवता; उंदराचा भागही त्यानं दुरुस्त करून सांगितला. "चूक माझी हाय," तो म्हणाला. "अर्धी कडक हाय, अर्धी मऊ. चटणी मात्र पूर्ण हाय."

चनमल्लप्पांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि ओसरीत बसलेल्या पाहुण्यांवर नजर फिरवली. त्यांच्या वयाची बरीच मंडळी आली होती.

"दोन पंगती करा," ते आतल्या माणसांना म्हणाले. "दातवाल्यांची हिकडं. बिनदातांची तिकडं."

तशा पंगती बसल्या. हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, पातेली फिरली. पण चुलीवरच्या ताज्या भाकरीचा वास सुटला, तशी दातवाल्यांच्या पंगतीतून एक एक माणूस हळूच उठून पलीकडं जाऊन बसायला लागला. एक पहिलवान गडी तर तोंड मिटून, गाल आत ओढून म्हाताऱ्यांच्या मध्ये जाऊन बसला. वाढणाऱ्यानं त्याला हटकलं तेव्हा त्यानं नुसतं बोटानं आपल्या मिटलेल्या तोंडाकडं दाखवलं. चनमल्लप्पा स्वतः कुठं बसतात याकडं महेश्वरीचं लक्ष होतं. ते आधी इकडं बसले, मान राखायला. मग तिकडं.

परतीच्या वाटेवर अंधारून आलं होतं. महेश्वरी गाडी चालवत होती, मल्लिनाथ शेजारी.

"त्या गावात पुन्हा जायला पायजे," तो म्हणाला. "त्या अव्वानं पुढच्या वेळंला बाजरीची आणा म्हणलंय."

"जाऊ की."

"अन् वळसंगकडंबी जाऊन बघू. दुकानात ठेवून भाकरी कशी मोडते ते कुणाला कळतंय? मोडून दाखवायला पायजे."

"दाखवा. पण ऑर्डरचा माल पुढं ठेवीन मी, कुलपात."

"ठेव," तो म्हणाला. आणि भाकरी विकताना आधी चटणी द्यावी की आधी नुसती भाकरी, यावर त्याचं काय मत आहे ते सांगायला लागला. मतं बरीच होती. महेश्वरीनं मागच्या ट्रकला पुढं जाऊ दिलं आणि गाडी थोडी हळू केली. घर यायला अजून वेळ होता.